देवळालीचा ताप चढला इंग्रजीला

ब्रिटनमध्ये एखाद्याचं वॉशिंग मशीन अचानक धडधडायला लागलं, गाडीतला नकाशा भलत्याच गल्लीत न्यायला लागला, किंवा शेजारचे आजोबा भर थंडीत उघड्या अंगाने बागेत पाणी घालायला निघाले, की लोकांच्या तोंडून एक शब्द सहज निघतो: डूलॅली. 'ही हॅज गॉन डूलॅली.' म्हणजे सटकली, डोकं फिरलं, भान सुटलं. विशेषण आहे, पक्कं इंग्रजी आहे, मोठमोठ्या शब्दकोशांत त्याची रीतसर नोंद आहे. आणि त्या नोंदीत व्युत्पत्ती सांगताना ज्या गावाचं नाव येतं, ते गाव म्हणजे आपली देवळाली. नाशिकच्या शेजारची. लॅम रोडवाली, तोफखान्याची, 'कॅम्प' म्हटलं की नाशिककरांना जी आठवते तीच.

एक खुलासा लगेच करायला हवा, कारण महाराष्ट्रात देवळाल्या एकाहून जास्त आहेत. राहुरी तालुक्यात देवळाली प्रवरा आहे, करमाळ्याकडेही एक देवळाली आहे. त्यांचा या प्रकरणाशी काही संबंध नाही. इंग्रजीत गेली ती नाशिकची, आणि ती का गेली ही गोष्ट तिच्या अर्थापेक्षा कितीतरी रंगतदार आहे.

'व' गेला, 'ळ' गेला

देवळालीचं डूलॅली झालं कसं? पहिला घाव घातला इंग्रजी स्पेलिंगने. सरकारी कागदांवर, रेल्वेच्या पाटीवर गावाचं नाव ज्या इंग्रजी अक्षरांत लिहिलं गेलं, त्यात 'व'ला जागाच नव्हती. 'देओलाली' असं लिहिलं गेलं. 'ळ'ची तर इंग्रजीत सोयच नाही. आता ही अक्षरं वेल्समधल्या खाणीतून किंवा लंडनच्या ईस्ट एंडमधून आलेल्या, जेमतेम शाळा पाहिलेल्या शिपायाने वाचली तर काय वाचणार? 'दे' आणि 'ओ' एकमेकांत मिसळून 'डू' झाले, मधल्या 'ला'वर सगळा जोर पडला आणि 'डू-लॅ-ली' तयार झालं. इंग्रजीत हा शब्द 'सॅली'शी यमक जुळवत म्हणतात.

गावाचं नाव शिपायांनी असं मोडून घेतलं यात नवल नाही. ज्या फौजेने सिराज-उद्-दौल्याचा 'सर रॉजर डाउलर' केला आणि मोहरमच्या मिरवणुकीतल्या 'या हसन, या हुसेन'मधून 'हॉब्सन-जॉब्सन' काढलं, तिच्यापुढे देवळाली म्हणजे काहीच नाही. हॉब्सन-जॉब्सन हेच नाव पुढे हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांनी आपल्या 1886 च्या अँग्लो-इंडियन शब्दकोशाला दिलं. या कोशाची पानं उलटत बसलं की दुपार कशी जाते कळत नाही.

निम्मा शब्द मराठी माणसाला आधीच कळलेला

मूळ शब्दप्रयोग नुसता डूलॅली नव्हता. 'डूलॅली टॅप' असा जोडशब्द होता. शिपाई म्हणायचे, अमक्याला डूलॅली टॅप झालाय.

आता इंग्रजीत टॅप म्हणजे पाण्याचा नळ, नाहीतर टिचकी. देवळालीचा नळ किंवा देवळालीची टिचकी असा काही अर्थ लागत नाही, आणि त्यामुळे बऱ्याच इंग्रजांना हा दुसरा शब्द कोड्यात टाकतो. आपल्याला मात्र तो उलगडून सांगावा लागत नाही. हा टॅप म्हणजे ताप. हिंदुस्थानी बोलीतला 'तप', म्हणजे ज्वर. क्षयरोगाला उर्दू-हिंदीत तपेदिक म्हणतात, त्यातला हाच तप. फारसीत तो 'तब' होतो. देवळालीचा ताप! एखाद्याने आपल्या 'डोक्याला ताप' दिला, असं आपण म्हणतो, त्याच्या हे किती जवळ आहे पाहा.

आणखी एक मजा. ताप हा शब्द ज्या प्राचीन इंडो-युरोपीय धातूपासून आला, त्याच धातूची एक फांदी लॅटिनमध्ये गेली आणि तिथून इंग्रजीत 'टेपिड' हे विशेषण आलं. टेपिड म्हणजे कोमट. रशियनमध्ये उबदार म्हणजे 'त्योप्ली', तोही याच कुळातला. म्हणजे तापाचा एक चुलतभाऊ इंग्रजीच्या घरात लॅटिनच्या दारातून येऊन बसला होता, आणि दुसरा हजारो वर्षांनी देवळालीहून शिपायाच्या वळकटीत बसून आला. एक कोमट, एक कडकडीत. पुढे इंग्रजांच्या तोंडून टॅप गळून पडला, कारण त्याचा अर्थ माहीत असलेले जुने शिपाई संपत गेले. उरलं नुसतं गावाचं नाव. ज्या अर्ध्या भागात आजाराचा उल्लेख होता तो गेला, आणि सगळा वेडेपणा एकट्या गावाच्या अंगावर आला. देवळालीच्या बाजूने मला हा अन्याय वाटतो.

समुद्र उघडेपर्यंत थांबा

पण फौजेला देवळालीतच वेड का लागावं? याचं उत्तर आगगाडी, जहाज आणि पावसाळा यांच्या वेळापत्रकात आहे, आणि ते नीट समजून घेण्यासारखं आहे.

1857 च्या उठावानंतर कंपनीचं राज्य जाऊन राणीचं आलं आणि गोऱ्या सैनिकांची संख्या भरपूर वाढवली गेली. साठ-सत्तर हजार ब्रिटिश सैनिक कायम हिंदुस्थानात असत. 1870 च्या कायद्याने ब्रिटनमध्ये अल्पमुदतीची सैनिकी सेवा सुरू झाली, म्हणजे दर वर्षी हजारो जणांची मुदत संपणार आणि त्यांच्या जागी हजारो नवे येणार. ही ये-जा मुंबई बंदरातून. त्यासाठी 1860 च्या दशकात खास पाच जहाजं बांधली गेली: क्रॉकोडाइल, युफ्रेटिस, जमना, मलबार आणि सेरापिस. हो, त्यांतली एक आपली यमुना. पाचही जहाजं पांढरी, आणि लांबून ओळखू यावीत म्हणून प्रत्येकाच्या अंगावर वेगळ्या रंगाचा पट्टा. 1875 मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स मुंबईला उतरला तो यांतल्याच सेरापिसवरून.

मुंबईत इतकी माणसं ठेवायची कुठे? शहर दाट, दमट आणि रोगट. 1865 मध्ये थळ घाटातला, म्हणजे आपल्या कसाऱ्याच्या घाटातला लोहमार्ग सुरू झाला आणि घाटमाथ्यापलीकडचा प्रदेश मुंबईला काही तासांवर आला. देवळाली साडेपाचशे मीटरपेक्षा जास्त उंचीवर, हवा कोरडी, पाणी बरं, रेल्वे दाराशी. येणाऱ्या नव्या रंगरुटाने इथे उतरून देशाची हवा अंगवळणी पाडायची आणि मग आपापल्या पलटणीकडे जायचं, जाणाऱ्या जुन्या शिपायाने इथे येऊन जहाजाची वाट पाहायची. योजना म्हणून चोख होती.

गोम होती जहाजांच्या हंगामात. पावसाळ्यात अरबी समुद्र कसा असतो ते कोकणातल्या कुणालाही विचारा. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होड्या घालत नाहीत. त्यात उन्हाळ्यात तांबड्या समुद्रातला उकाडा असा, की खच्चून भरलेल्या जहाजात माणसं दगावत. म्हणून फौजेची जहाजं साधारण हिवाळ्याच्या महिन्यांतच चालत, पावसाळा सरल्यापासून मार्चपर्यंत. त्याला 'ट्रूपिंग सीझन' म्हणत. 1869 मध्ये सुएझचा कालवा उघडला आणि प्रवास महिन्याभराचा झाला, तरी हंगाम तोच राहिला.

आता समजा एका शिपायाची मुदत एप्रिलमध्ये संपली. मार्चअखेरचं शेवटचं जहाज गेलेलं. त्याने काय करायचं? देवळालीला जाऊन बसायचं. एप्रिल, मे, जून, जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर. डोळ्यांसमोर आई, गाव, बिअरचा ग्लास, ज्यांच्यासाठी सात-आठ वर्षं दिवस मोजले ते सगळं. आणि पायाखाली नाशिकची तापलेली माती, नंतर चिखल.

फ्रँक रिचर्ड्सने पाहिलेलं

या छावणीचं सगळ्यात विश्वासार्ह वर्णन एका साध्या शिपायाने केलं आहे. फ्रँक रिचर्ड्स, वेल्सचा, लहानपणापासून कोळशाच्या खाणीत राबलेला. रॉयल वेल्च फ्युझिलिअर्समध्ये भरती होऊन 1902 ते 1909 या काळात तो हिंदुस्थान आणि ब्रह्मदेशात होता. पुढे पहिल्या महायुद्धातल्या खंदकांवरचं त्याचं 'ओल्ड सोल्जर्स नेव्हर डाय' गाजलं आणि 1936 मध्ये त्याने हिंदुस्थानातल्या दिवसांवर 'ओल्ड-सोल्जर साहिब' लिहिलं. अधिकाऱ्यांच्या आठवणी ढिगाने आहेत. बराकीतल्या माणसाच्या आठवणी मोजक्या, आणि म्हणून रिचर्ड्सचं मोल फार मोठं.

तो सांगतो ते असं. मुदत संपलेल्या शिपायांकडून शस्त्रं आणि सरंजाम आधीच काढून घेतलेला असे. अधूनमधून सामानाची तपासणी, कधीतरी एखादी लांबची चाल, बाकी दिवस मोकळा. आणि या मोकळ्या दिवसांनीच घात केला. ज्यांच्या नावावर वर्षानुवर्षं एक शेरा नव्हता असे शहाणे शिपाई इथे येऊन मोठ्या भानगडीत सापडत आणि घरी जाण्याआधी तुरुंगाची हवा खात. काही जण बाजारबसवीकडून रोग घेऊन दवाखान्यात पडत. माणसं विचित्र वागत. विचित्र वागणाऱ्याला 'याला डूलॅली टॅप झालाय' म्हणायची रीत इथल्याच कंटाळ्यातून पडली असावी, असं रिचर्ड्सचं मत.

कंटाळा हा शब्द आपण फार हलका वापरतो. पण वर्षानुवर्षं बिगुलावर उठलेल्या, बिगुलावर जेवलेल्या, बिगुलावर झोपलेल्या माणसाच्या आयुष्यातून एका दिवशी बिगुलच काढून घेतला तर काय होत असेल? त्याला कुणी शत्रू मारत नाही, कुणी काम सांगत नाही, आणि तारीखही सांगत नाही. परदेशी विमानतळावर व्हिसाच्या अडचणीत अडकलेली, निर्वासित छावणीत वर्षानुवर्षं कागदांची वाट पाहणारी माणसं आज आपण बातम्यांत पाहतो. वाट पाहणं माणसाला पोखरतं, हे देवळालीच्या बराकींनी दीडशे वर्षांपूर्वी ओळखलं होतं आणि त्याला नावही दिलं होतं.

दवाखान्याची दुसरी गोष्ट

इंग्रजी पुस्तकांत आणखी एक उगम सांगतात. देवळालीत लष्करी दवाखाना होता, मन बिघडलेल्या शिपायांना मायदेशी धाडण्याआधी तिथे ठेवत, म्हणून देवळाली म्हणजे वेड. इंग्लंडला पोचल्यावर असे रुग्ण नेटलीच्या प्रचंड लष्करी रुग्णालयात जात. या रुग्णालयाची इमारत जवळजवळ पाव मैल लांब होती आणि मनोरुग्णांसाठीचा त्याचा 'डी ब्लॉक' 1870 मध्ये उघडला. शेरलॉक होम्सच्या वाचकांना नेटली माहीत असेल. डॉक्टर वॉटसन लष्करी सर्जनचं शिक्षण तिथेच घेतो आणि मग मुंबई बंदरात उतरतो.

तिसरा धागा खऱ्या तापाचा. हिवतापाने किती गोरे शिपाई मेले याची गणती नाही. हिवताप मेंदूत गेला की माणूस बरळतो, ओरडतो, समोरच्याला ओळखत नाही. डासांच्या पोटात हिवतापाचा परजीवी सापडला तो 1897 मध्ये, रोनाल्ड रॉसला, सिकंदराबादेत. तोवर तापाचं खापर वाईट हवेवर, उन्हावर आणि दारूवर फुटायचं. तापात बरळणारा सोबती ज्याने पाहिला, त्याला ताप आणि वेड हे एकच वाटलं तर नवल काय?

माझा कौल रिचर्ड्सला. दवाखाने पुष्कळ गावांत होते, ताप तर देशभर होता. हजारो माणसं एकदम, महिनोन्‌महिने, काही न करता फक्त जहाजासाठी बसून आहेत, हे देवळालीचं वेगळेपण.

नाव कानाला कसं लागतं तेही महत्त्वाचं

आणि तरीही प्रश्न उरतोच. छावण्या देशभर पसरल्या होत्या. कुलाबा, खडकी, महू, मेरठ, रावळपिंडी. 'खडकी टॅप' का नाही झाला? माझ्या मते देवळाली जिंकली ती आवाजावर. इंग्रजीत वेडेपणाचे अनौपचारिक शब्द लाडिक, बोबडे असतात: गागा, कुकू, लूपी, डॉटी. मूर्खांच्या स्वप्नातल्या देशाला 'ला-ला लँड' म्हणतात. डू-लॅ-ली या मेळ्यात अगदी आपसूक जाऊन बसलं. अर्थ माहीत नसलेल्या इंग्रजालाही ते ऐकून कुणाचा तरी तोल गेलाय एवढं समजतं. खडकीच्या 'ख'मध्ये ते सामर्थ्य नाही.

म्हणूनच शब्दाला एक मऊपणा आहे. 'मॅड' किंवा 'इन्सेन' म्हटलं की ओरखडा उठतो. डूलॅली त्यामानाने प्रेमळ, बहुतेकदा तात्पुरतं. मराठीत 'सटकली', 'चक्रम झालाय का?' असं आपण ज्या सुरात म्हणतो तो सूर. व्याकरणातही त्याची एक खोड आहे: ते सहसा नामाच्या आधी येत नाही. 'डूलॅली माणूस' असं क्वचितच कुणी म्हणेल. माणूस डूलॅली 'होतो', डूलॅली 'जातो'. त्या 'गो'मध्ये, जाण्यात, मला जुन्या प्रवासाची खूण दिसते. शिपाई खरोखरच देवळालीला जात असत! आणि अमेरिकेत जाऊन हा शब्द वापराल तर समोरचा गोंधळेल; हा माल ब्रिटन-आयर्लंडचा.

बराकीतली भावंडं

डूलॅली एकटं विलायतेला गेलं नाही. त्याच शिपायांच्या तोंडून आपली बरीच विशेषणं तिकडे पोचली, आणि हीच मला सगळ्यात गोड बाब वाटते. कारण भाषा एकमेकींकडून नामं सहज उचलतात, वस्तू आली की नाव येतं. बंगला, चटणी, जंगल तसे गेले. आपल्या मुंगसापासून इंग्रजीतलं 'मॉन्गूस' झालं तेही तसंच. मुंबईच्या डोंगरीवरून जाड्याभरड्या कापडाला नाव पडलं आणि त्याची 'डंगरी' झाली. विशेषण उचलायला मात्र माणसाने त्या भाषेत थोडं जगावं लागतं, चिडावं लागतं, खूश व्हावं लागतं.

'कुशी' घ्या. म्हणजे आरामाचं, बिनकष्टाचं. 'कुशी जॉब' म्हणजे खुर्चीत बसून पगार. कुशनशी त्याचं नातं लावायचा मोह होतो, पण ते आलं आपल्या खुशीतून. पहिल्या महायुद्धात तर 'कुशी' जखमेची शिपाई आशा करत: जीव जाणार नाही, हातपाय तुटणार नाहीत, पण घरी पाठवतील एवढी बेताची. त्याच जखमेला 'ब्लायटी' जखम असंही म्हणत, आणि ब्लायटी म्हणजे विलायती. इंग्लंडला इंग्रज शिपाई ज्या नावाने हाक मारत होता ते नाव त्याला हिंदुस्थानातल्या बाजारातून मिळालेलं! देवळालीत तो ज्याची वाट पाहत बसायचा ती ब्लायटीच.

'पका' म्हणजे पक्का: अस्सल, चांगल्या घरचा, खणखणीत. इंग्रजीला द्वित्त 'क्क' उच्चारता येत नाही म्हणून तो तिकडे जाऊन थोडा कच्चा झाला, पण अजून जोरात आहे. 'बक्शी' म्हणजे फुकट, बक्षिसातून. 'खाकी' म्हणजे मातीच्या रंगाचं, 'खाक'वरून. याशिवाय चहाला 'चार', भाकरी-पावाला 'रूटी', बघण्याला 'डेको', चिठ्ठीला 'चिट'. दीर्घ आणि चांगल्या सेवेबद्दल मिळणाऱ्या पदकाला शिपाई 'रूटी गाँग' म्हणत: इतकी वर्षं सरकारची रोटी खाल्ली त्याचं पदक.

डूलॅली टॅपची छापील नोंद 1925 मध्ये एडवर्ड फ्रेझर आणि जॉन गिबन्स यांच्या शिपाई-खलाशांच्या शब्दसंग्रहात झाली. तोंडात हा शब्द त्याच्याही कितीतरी आधीपासून होता. बराकीतले शब्द कागदावर यायला नेहमीच उशीर होतो.

टीव्हीवरची देवळाली

दुसऱ्या महायुद्धातही देवळालीत परतणाऱ्यांची छावणी होती, आणि सैनिकांची करमणूक करणारी नाटकमंडळीही. त्या मंडळीत जिमी पेरी नावाचा तोफखान्याचा तरुण होता. त्याने पुढे डेव्हिड क्रॉफ्टबरोबर बीबीसीसाठी 'इट एन्ट हाफ हॉट मम' ही विनोदी मालिका लिहिली. 1974 ते 1981, आठ पर्वं, 56 भाग. सुरुवातीची कथा 1945 च्या देवळालीत घडते. चित्रीकरण मात्र सगळं इंग्लंडात. रंगी राम हा हिंदी नोकर मायकल बेट्स या गोऱ्या नटाने चेहरा रंगवून केला. बेट्सचा जन्म झाशीचा, उर्दू त्याला चांगली येत असे. पण चेहरा रंगवण्याची ती पद्धत आज योग्य वाटत नाही आणि बीबीसी ती मालिका पुन्हा दाखवत नाही. लक्षावधी ब्रिटिश घरांत मात्र त्या काळी देवळाली हे नाव दर आठवड्याला पोचलं.

इकडे उलटा प्रवासही झाला. 2009 मध्ये पुण्यात स्थानिक बिअर गाळणारी एक कंपनी सुरू झाली, या धंद्यातल्या देशातल्या अगदी पहिल्यांपैकी. तिने नाव घेतलं डूलॅली. पुढे मुंबईत तिच्या 'टॅपरूम' उघडल्या. बिअरचा नळ म्हणून टॅप. पण डूलॅली आणि टॅप असे दोन शब्द एका पाटीवर पुन्हा शेजारी आले, तेही महाराष्ट्रात. ज्याने हे नाव सुचवलं त्याला सलाम.

गावांची झालेली विशेषणं

गावाचं नाव घेऊन विशेषण करण्याची खोड जुनीच आहे. मोजकं बोलणाऱ्याला इंग्रजीत 'लॅकोनिक' म्हणतात ते स्पार्टाच्या लॅकोनिया प्रांतावरून. मॅसेडोनच्या फिलिपने धमकी पाठवली, मी तुमच्या प्रदेशात शिरलो तर सर्वनाश करीन. स्पार्टाने उत्तर पाठवलं, 'तर.' प्लुटार्कने सांगितलेली ही गोष्ट ऐकली की लॅकोनिकचा अर्थ जन्मभर विसरत नाही. लंडनच्या बेथलेम या जुन्या रुग्णालयावरून गोंधळ-गदारोळाला 'बेडलम' नाव पडलं.

मराठीलाही ही कला चांगली येते. टोमणा पुणेरी, ठसका वऱ्हाडी, झणका कोल्हापुरी, आणि सरळ नाकाला वळसा घालून हात लावणारा प्राणायाम द्राविडी. 1761 नंतर पानिपत हे गाव राहिलंच नाही, पूर्ण पराभवाचं नाव झालं. वेडाच्या बाबतीत आपणही इंग्रजांसारखेच वागलो: 'याला ठाण्याला पाठवा', 'येरवड्याला जागा आहे का बघा' ही वाक्यं दोन्हीकडच्या मनोरुग्णालयांमुळे रुळली. ही वाक्यं मला खटकतात. तिथे उपचार घेऊन बरी झालेली माणसं गावी परततात तेव्हा त्यांना गावाचं नाव सांगायची चोरी होते. डूलॅली त्यापासून सुटलं, कारण ते म्हणणाऱ्याला ते कुठलं गाव आहे हेच आता ठाऊक नसतं.

देवळालीची खरी ओळख तर याच्या उलटी. स्वच्छ कोरडी हवा, म्हणून मुंबईच्या पारशी-गुजराती कुटुंबांनी इथे आरोग्यभवनं आणि बंगले बांधले. लोक इथे बरे व्हायला येत. आजारी भावाला हवापालट हवा म्हणून एक पेशावरी कुटुंब येऊन राहिलं, त्यातला युसूफ खान इथल्या बार्न्स स्कूलमध्ये शिकला आणि पुढे दिलीपकुमार झाला. शेजारी भगूर, सावरकरांचं जन्मगाव. आणि लष्कराचं तोफखाना स्कूल इथे आजही आहे. त्याच्या गोळीबाराचे आवाज आसपासच्या गावांना रोजचे झालेले आहेत.

एवढं सगळं असताना देवळाली स्टेशनावर या शब्दाची साधी पाटीसुद्धा असू नये? रेल्वेने ती लावावी, असं मला मनापासून वाटतं. पहिल्या फलाटावर, नाव लिहिलेल्या मोठ्या पिवळ्या फलकाशेजारी, मराठी, हिंदी आणि इंग्रजीत. वर डूलॅली हा शब्द आणि त्याचा अर्थ. खाली कसाऱ्याच्या घाटातली रेल्वे, पाच पांढरी जहाजं, बंद समुद्र आणि वाट पाहणारे शिपाई, एवढं चार ओळींत बसतं. टॅपचा ताप तेवढा विसरू नये. पंचवटी एक्स्प्रेस इथे आली की खिडकीतून एखादं पोर ती पाटी वाचेल आणि शाळेतल्या इंग्रजीच्या बाईंना दुसऱ्या दिवशी विचारेल.